खुराक राहिला, मेहनत सुटली

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ४५, कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचं छोटं मशीन शॉप. अकराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होते, गावोगावच्या मैदानांत कुस्त्या केल्या. वडील अचानक गेले, शॉप अंगावर पडलं आणि तालीम सुटली. आज उंची पाच फूट आठ इंच, वजन ९४ किलो. गेल्या नऊ वर्षांत पाच वेळा वजन उतरवलं. कधी जिम, कधी रात्रीचं जेवण बंद, कधी नुसती अंडी, पनीर आणि सॅलड. प्रत्येक वेळी आठ-दहा किलो उतरले आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत आले. यंदा जानेवारीपासून ५३ दिवस कडक पाळलं. ५४ व्या दिवशी एका गिऱ्हाइकाबरोबर मिसळ खाल्ली, ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून रात्री मटण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळंच थांबलं. गेल्या महिन्यात तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आली. वडिलांना मधुमेह होता. सकाळचं अर्धा लिटर म्हशीचं दूध मात्र तालमीपासून आजवर चुकलेलं नाही. चहातली साखर सोडून गूळ सुरू केला आहे. पत्नी म्हणते, ‘तुमचं दर वर्षीचं चार महिन्यांचं, आमचे हाल.’ पंधरा वर्षांच्या मुलीनंही यंदा ‘पप्पांसारखं’ म्हणून रात्रीचं जेवण सोडलं होतं. त्यांचे प्रश्न असे: माझ्यात निग्रहच नाही का? कोल्हापुरी जेवण सोडावं लागेल का? वर्षाचे पैसे भरून जिम लावू की पुन्हा तालमीत जाऊ? आयुष्यभर टिकेल असं काही असतं का?

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. ५३. त्रेपन्न दिवस तुम्ही ठरवल्याप्रमाणे वागलात आणि चोपन्नाव्या दिवशी एक प्लेट मिसळ खाल्लीत. मूळ पत्रात त्या मिसळीवर आठ ओळी आहेत आणि त्रेपन्न दिवसांवर एक. घरात पांढऱ्या रश्श्याचा वास सुटलेला असताना जो माणूस काकडी खाऊन झोपतो, त्याच्यात निग्रह नाही असं मी कसं म्हणू? तुमच्याकडे निग्रह लागतो त्यापेक्षा जास्तच आहे. अडचण वेगळीच आहे आणि ती मला तुमच्या तालमीच्या दिवसांत दिसते.

पैलवानाचं वर्ष कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मैदान ठरतं, जोड लागते, तारीख समोर येते. मग दोन-तीन महिने बाकी सगळं बाजूला. पहाटे उठून जोर, बैठका, सपाट्या, लढती, वेळेवर खुराक, वेळेवर झोप. मैदान झालं की चार दिवस ढील. हे तुमच्या अंगात इतकं मुरलंय की वजन उतरवायचं ठरलं तरी तुम्ही मैदानाचीच तयारी करता. पाच वेळा केलीत आणि पाचही वेळा कुस्ती मारलीत, कारण आठ-दहा किलो उतरवणं ही काही साधी गोष्ट नाही. पण शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या आपल्या खासबाग मैदानात चितपट झाली की हलगी थांबते आणि माणसं घरी जातात. साखरेशी आणि पोटाच्या घेराशी जी कुस्ती आहे तिला निकाल नाही. ती रोज बरोबरीत सोडवायची आणि उद्या पुन्हा मातीत उतरायचं. तुमची सगळी तयारी निकाली कुस्तीची आणि कुस्ती मात्र रोजची, म्हणून चौथ्या महिन्यात दम संपतो.

भराभर वजन उतरवण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हेही समजून घ्या. उपासमार करून वजन घटतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. भूक वाढते आणि शरीर कमी खर्चात भागवायला शिकतं. मग वजन परत येताना मुख्यतः चरबी येते. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं प्रमाण साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतच असतं. त्यात आपणच दर जानेवारीत भर घातली, तर पाचव्या खेपेचे ९४ किलो हे पहिल्या खेपेच्या ९४ पेक्षा वाईट असतात. तेव्हा सहावी खेप नको, ही माझी पहिली विनंती.

तालमीतून तुम्ही निम्मीच गोष्ट घरी आणलीत, तीही सांगते. मेहनत सुटली आणि खुराक राहिला. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, अर्ध्या लिटरात पाचशेच्या वर कॅलरी. पहाटे चारपासून घाम गाळणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला ते दूध कमीच पडायचं. आज तुम्ही सकाळी नऊला स्कूटरवरून शॉपला जाता, दिवसभर टेबलाशी किंवा मशीनपाशी उभे असता. दूध तेच आहे, त्याला लागणारं काम गेलं. दूध सोडा असं मी म्हणत नाही. दूध कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाशी माणसाचं काय नातं असतं हे मी कोल्हापूरची असून मला कळतं. पण एक पेला घ्या आणि ते जेवणाच्या हिशेबात धरा. गुळाचंही तसंच. आपला गूळ कितीही नामी असला तरी रक्तातल्या साखरेला तो साखरच वाटतो. चहात चमचाभर गूळ घातला काय आणि साखर घातली काय, कमी करायची ती दोन्हीची बेरीज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहावी, म्हणजे पाचेक लहान चमचे, आणि त्यात चहापासून जिलेबीपर्यंत सगळं आलं.

आता आमच्या गल्लीतल्या एका आजोबांबद्दल सांगते. मंगळवार पेठेत राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, एके काळी तेही लंगोट लावून मातीत उतरलेले. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन कपिलतीर्थ मार्केटला चालत जातात. मला कितीतरी वर्षं वाटायचं, यांना भाजी निवडून आणायची हौस आहे. एकदा परतीच्या वाटेवर मी त्यांच्या मागून चालत होते, तेव्हा लक्षात आलं. दर दोन विजेच्या खांबांनंतर ते पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. पिशवीत खाली कांदे-बटाटे, वर पोकळ्याची जुडी, आणि मान ताठ. विचारलं तर म्हणाले, ‘दोन्ही खांदं सारखं राहाया पाहिजेत न्हवं?’ घरी गेल्यावर ओट्याला हात टेकून वीस जोर आणि खुर्चीवरून वीस वेळा उठबस. संपला व्यायाम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर सगळं बंद होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी पाच जोर मारले, आणि दुसऱ्या दिवशीही पाचच.

त्यांच्याकडून तुम्ही काही घ्यायचं असेल तर तो वीसचा आकडा घ्या. दोनशे मारायची त्यांची एके काळी ताकद होती, तुमचीही होती. पण वीस हा आकडा ताप उतरल्यावर, पाहुणे आले असताना, पोराच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही जमतो. तुम्हीही असा एक किमान आकडा ठरवा, सगळ्यात वाईट दिवशीही होईल असा. माझ्या मते दहा मिनिटं चालणं, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून दहा जोर आणि खुर्चीवरून दहा उठबशा. ज्या दिवशी शॉपमध्ये डिलिव्हरीची घाई आहे आणि रात्रीचे साडेदहा वाजलेत, त्या दिवशी एवढंच. चांगल्या दिवशी रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूनं पाऊण तास चाला, नाहीतर विद्यापीठाच्या बाजूला जा. पण कॅलेंडरवर खूण करायची ती किमान आकड्याची.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ माणसांनी रोज एक नवी गोष्ट करायची होती आणि ती आपसूक व्हायला किती दिवस लागतात ते पाहायचं होतं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ लागले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मुरण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. तुमच्या चोपन्नाव्या दिवसाशेजारी हे ठेवून पाहा. सवय मुरत आली होती. मिसळीनं ती मोडली नव्हती. ‘आता मोडलंच आहे’ या तीन शब्दांनी मोडली.

त्या मिसळीकडेही जरा नीट बघू, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथंच अडलाय. समोर प्लेट आली. खाली मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर, बाजूला वाटीत लालभडक कट आणि ब्रेडच्या स्लाइस. यातली मटकी ही तुमची मैत्रीण आहे, मोड आलेलं कडधान्य. कांदा-लिंबू तर हवंच. गडबड आहे ती कटावरच्या तेलाची, तळलेल्या फरसाणाची आणि दुसऱ्यांदा मागवलेल्या ब्रेडची. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी. तुमच्या वजनाच्या माणसानं पाऊण तास झपझप चालून जे जळतं ते कटाचे दोन-तीन चमचे परत देतात. म्हणून ‘मटकी जास्त घाला, फरसाण थोडंच, कट वेगळा द्या’ असं सांगायला लाजू नका. आपल्याकडच्या मिसळवाल्याला एवढं सांगितलं की कळतं. ब्रेडच्या दोन स्लाइस. महिन्यातून दोनदा अशी मिसळ खाल्लीत तर तुमचं काहीही बिघडत नाही. मला काळजी वाटते ती तिच्यामागून आलेल्या रात्रीच्या मटणाची, आणि त्यामागून आलेल्या तीन महिन्यांची.

कोल्हापुरी जेवण सोडावं लागेल का, या प्रश्नात एक गृहीतक लपलंय. कोल्हापुरी जेवण म्हणजे तांबडा-पांढरा आणि मिसळ, असं. ते पाहुण्यांना दाखवायचं कोल्हापूर झालं. तुमच्या आजीच्या चुलीवर आठवड्यातले पाच दिवस काय शिजत होतं ते आठवा. शाळूची भाकरी, नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, अख्खा मसूर, चाकवत, पोकळा, अंबाडी, ताक, सोबत खर्डा नाहीतर कांदा-लसूण चटणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा असं सांगितलंय. उरलेल्या निम्म्यात धान्य, डाळी-कडधान्यं, दूध-दही, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मटण-मासे. आजीच्या ताटात भाजीचा वाटा थोडा वाढवलात की तुम्ही तिथं पोचलात. त्यासाठी एवोकॅडो लागत नाही, किन्वा लागत नाही. प्रथिनांची पावडरही लागत नाही, त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी ती टाळायला सांगितलीय. शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे, म्हणजे योग्य वजन ७० किलो धरलं तर रोज ६० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, घट्ट उसळीच्या वाटीत सात-आठ. दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ, दिवसात दोन अंडी, वाटीभर दही, ते पेलाभर दूध, भाकरीतली प्रथिनं आणि आठवड्यात दोनदा मटण-मासे असले की हिशेब जुळतो.

मटणाचं म्हणाल तर बुधवार आणि रविवार ठेवा. फक्त त्या दिवशी ताट थोडं वेगळं लावा. तांबडा वाटीत घेतला की दोन मिनिटं थांबा, तवंग वर येतो, तो चमच्यानं काढून बाजूला करा. तिखट तेवढंच लागतं, चव रश्श्यातच असते. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, काजू-खसखशीचा, तो वाटीभर प्या, तांब्याभर पिऊ नका. सुकं मटण चार-पाच फोडी, भाकरी एक नाहीतर दीड, भात हवा तर दोन घास. आणि कांदा-काकडी-मुळ्याचं ताट मटणाच्या आधी समोर ठेवा, कारण मटण आलं की त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

खरी परीक्षा दुसऱ्याच्या घरी असते. यात्रा, म्हाईचं जेवण, बारसं, कुणाच्या नव्या मशीनची पूजा. ‘एवढ्यानं काय हुतंय?’ म्हणत पळी ताटावर येते. तिथं ‘मी डाएटवर आहे’ असं सांगितलं की चेष्टा सुरू होते आणि नुसतं नको म्हटलं की यजमान हिरमुसतो. वाढणाऱ्याला काहीतरी वाढायचं असतं, म्हणून तुम्हीच मागा. ‘वहिनी, भात नको, वाटीभर पांढरा द्या आणि कांदा आणा.’ मान राहतो आणि भाताचा डोंगरही टळतो.

जिम की तालीम? दादा, इथं मी थोडी स्पष्ट बोलते. जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरू नका. तुम्ही दोनदा भरलेत आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात थांबलात. हवीच असेल तर महिन्या-महिन्याचे भरा, घरापासून शॉपच्या वाटेवर असलेली निवडा, वाकडी वाट करून जायची नको. तालमीचा विचार मला जास्त भावला, पण माझी भीतीही तिथंच आहे. तुम्ही हौदापाशी उभे राहाल, ताक-हळद-तेलानं मळलेल्या त्या मातीचा वास येईल आणि विशीतलं शरीर परत आल्यासारखं वाटेल. पहिल्याच दिवशी दीडशे बैठका माराल आणि गुडघे सुजवून घरी बसाल. पत्रात तुम्ही उजव्या गुडघ्याच्या जुन्या दुखण्याचा ओझरता उल्लेख केलाय, तो मी वाचलाय. तालमीत जायचं तर लढायला जाऊ नका. आठवड्यातून दोन सकाळी जा, पोरांना एखादा डाव दाखवा, वस्तादांना आधी सांगून ठेवा की मला वीसच्या पुढं जाऊ देऊ नका. त्या पोरांमध्ये उभं राहण्यानं तुम्हाला जे मिळेल ते जिमच्या आरशात मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

दोन्हींपैकी काहीही निवडा, हिशेब एवढाच: जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे आठवड्यात किमान १५० मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काम. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर साखर एकदम वर चढत नाही, आणि तुमच्या ६.१ साठी तेही मोलाचं आहे.

आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. वय ४५, घरात मधुमेह, मधे तेवीस वर्षांचा खंड. चालताना छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप असं काही झालं तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी झोपायचं नाही.

६.१ या आकड्यानं तुम्ही घाबरलात ते पत्रातून कळतं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा आहे, तुम्ही अजून उंबरठा ओलांडलेला नाही. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशाच उंबरठ्यावरच्या भारतीय माणसांना रोज अर्धा तास चालणं आणि साखर-तेल-मैदा कमी करणं एवढंच सांगून तीन वर्षं त्यांच्या मागे लागले. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. मला त्यातली सर्वांत धीराची गोष्ट ही वाटते की या माणसांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून आत काही बदलत नाही असं नसतं. म्हणून तुमच्यासाठी माझं वर्षाचं उद्दिष्ट पाच-सहा किलोंचं आहे. दहा नको. सोबत बेंबीच्या पातळीवर टेप लावून कमरेचा घेर मोजा, पॅन्टच्या मापावर जाऊ नका. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात, बाईसाठी ८०.

वजन टिकवायचं कसं, यावर मला आपल्या पंचगंगेचीच आठवण येते. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ला धोका. ३९ झाले की नदीकाठची माणसं जनावरं हलवतात, सामान माळ्यावर चढवतात, ४३ ची वाट बघत बसत नाहीत. तुम्ही मात्र पाचही वेळा धोक्याची पातळी ओलांडून वजन पुन्हा ९४ झाल्यावर जागे झालात. आता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, काट्यावर उभे राहा. समजा वर्षभरानं तुम्ही ८८ वर आलात, तर ९० ही तुमची इशारा पातळी. ती दिसली की घाबरायचं नाही, उपासही धरायचा नाही. दोन आठवडे गोड आणि तळलेलं बंद, चालणं थोडं वाढवायचं. अमेरिकेत १९९४ पासून, किमान साडेतेरा किलो घटवून किमान वर्षभर टिकवलेल्या माणसांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातल्या बहुतेकांचं दोन गोष्टींवर जुळतं: आठवड्यातून निदान एकदा वजन करणं आणि रोज तासाभराच्या आसपास शरीर हलवणं. आणखी एक आढळलं, जे तुमच्या बुधवार-रविवारला लागू आहे. जे सुट्टीच्या दिवशीही साधारण रोजच्यासारखंच खातात, त्यांचं वजन जास्त टिकतं. आठवडाभर उपाशी आणि रविवारी मोकाट, हे जमत नाही.

पाऊस येतोच आहे, त्याचीही सोय आत्ताच करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे सकाळी बाहेर पडणं मुश्कील असतं आणि दर वर्षी निम्म्या शहराचं चालणं तिथंच बंद पडतं. शॉपची शेड लांबलचक आहे असं तुम्ही लिहिलंय. कामगार यायच्या आधी वीस मिनिटं तिथं येरझाऱ्या घाला, मशीनच्या कडेला उठबशा काढा. श्रावणात मटण सुटतं तेव्हा साबुदाणा आणि वड्या त्याची जागा घेतात, तिकडे लक्ष ठेवा.

आता वहिनींबद्दल. तुमच्या चार पानी पत्रात तुमचं वजन, साखर, गुडघा, झोप, सगळं आहे. वहिनी दोनदाच येतात, एकदा स्वयंपाक करताना आणि एकदा रागावताना. ‘आमचे हाल’ म्हणजे काय ते मला पंचवीस वर्षं लोकांची पत्रं वाचून कळतं. एका ओट्यावर दोन स्वयंपाक. तुमचं उकडलेलं वेगळं, मुलांचं आणि सासूबाईंचं वेगळं, आणि उरलेलं टाकवत नाही म्हणून दोन्हीतलं पोटात घालणारी ती एकटी. वहिनींची साखर कधी तपासली? हिमोग्लोबिन? त्या शेवटच्या कधी नुसत्या चालायला म्हणून बाहेर पडल्या? जे जेवण फक्त तुमच्यासाठी शिजतं ते चार महिन्यांच्या पुढं जात नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर उभं असतं. सगळ्या घरासाठी एकच ताट करा. तेलाचा डबा महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजून भरा, माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर, आणि तो महिनाभर पुरवायचा. मीठ माणशी दिवसाला लहान चमचाभर, पाच ग्रॅम, आणि पापड-लोणच्यातलं मीठ त्यातच धरायचं. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी भाजी चिरायला तुम्ही बसा. ज्या हातानं पालेभाजी निवडली तो हात ती ताटातून बाजूला सारत नाही.

लेकीशी मात्र आजच बोला, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच. पंधरा वर्षांच्या मुलीनं रात्रीचं जेवण सोडणं हे तुमच्या ६.१ पेक्षा मला जास्त टोचलं. तिची हाडं आता भरताहेत, दर महिन्याला रक्त जातंय, तिला लोह आणि प्रथिनं पोटभर हवीत. तिनं उपास तुमच्याकडून पाहून शिकला, तसं जेवणंही तुमच्याकडूनच शिकेल. तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. तिच्या अंगावरून बोलणं तर कुणीच नको, आजीनंही नाही, आत्यानंही नाही. तिला म्हणा, पप्पा चुकीच्या पद्धतीनं करत होते, आता आपण सगळे मिळून जेवू. आणि तरीही तिचं जेवण टाळणं सुरूच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

इतर अनेकांची पत्रं माझ्याकडे येतात, एखादी रात्रपाळीची नर्स असते, एखादे शिक्षक, एखादी नुकतीच बाळंत झालेली लेक. त्यांनाही सांगणं हेच की किमान आकडा आपापल्या सगळ्यात वाईट दिवसावरून ठरवा. रात्रपाळीत तो पाच मिनिटांचा असेल, चालेल. झोप सात तासांच्या खाली सतत राहत असेल तर आधी झोपेचं बघा. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते आणि गोडावर हात जातो, मग सगळा भार निग्रहावर येतो.

तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करा, वहिनींचीही साखर त्याच दिवशी तपासा आणि मला कळवा. वजन नाही कळवलं तरी चालेल. कॅलेंडरवरच्या किती चौकोनांत खूण आहे ते मोजून लिहा, आणि चुकलेल्या दिवसानंतरच्या दिवशी काय केलंत ते लिहा.

हे छापून तुमच्या हातात पडेल तो मंगळवार असेल. उद्या बुधवार आहे. मटण आणाच. तवंग काढा, कांदा-काकडी आधी वाढून घ्या, लेकीला शेजारी बसवा, आणि ताटं उचलून झाली की वहिनींना म्हणा, चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.